न दिसणारे तेल

विजेचे दिवे घरोघर येण्यापूर्वी महाराष्ट्रातील घरांत तेलाचे दिवे जळत. देवघरात समई, माजघरात कंदील आणि स्वयंपाकघरात चिमणी, अशी त्यांची स्थाने ठरलेली असत. संध्याकाळी काच पुसून, वात कापून आणि तेल किती उरले आहे ते पाहूनच कंदील लावला जाई. जेवणे आटोपली की वात खाली केली जाई. निजण्याच्या वेळी एखादाच दिवा मिणमिणता ठेवून बाकीचे मालवले जात. हे कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नसे. तेल डोळ्यांदेखत कमी होई आणि संपले की पैसे मोजून पुन्हा आणावे लागे. त्यामुळे ते जपून वापरावे, ही बुद्धी सर्वांना आपोआपच होत असे.

पुढे विजेचा दिवा आला आणि हा सारा खटाटोप संपला. बटण दाबताच खोली उजळू लागली. काजळी नाही, धूर नाही, वाऱ्याने विझण्याचे भय नाही. हे सुख थोडे नव्हे. परंतु या सुखाबरोबर एक गोष्ट नकळत हरवली: दिव्यातील तेल दिसेनासे झाले. जे दिसत नाही ते नाहीच, असे मनाला वाटू लागते. मग रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो, भर दुपारी दिवा जळत राहतो आणि ते कोणाला खुपत नाही. वस्तुतः विजेच्या दिव्यालाही तेल लागतेच. ते आपल्या घरात नसते, एवढेच. ते कोठे असते, कसे खर्च होते आणि कोणाच्या वाट्याचे असते, हे जाणून घेणे म्हणजेच विजेची काटकसर शिकणे होय.

आकाशात चमकणारी वीज पकडून तारांत भरता येत नाही. घरात येणारी वीज माणसाला निर्माण करावी लागते. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली असे दाखवून दिले की, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलता ठेवला, तर त्या तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागतो. याच तत्त्वावर जनित्र नावाचे यंत्र चालते. जनित्र फिरले की वीज निर्माण होते. ते थांबले की वीजही थांबते.

मात्र जनित्र फुकट फिरत नाही. ज्यांनी डायनॅमो बसवलेली सायकल चालवली आहे, त्यांना हे पायांनीच कळलेले असते. डायनॅमो चाकाला टेकवून दिवा लावला की सायकल जड होते आणि पायडल अधिक जोराने मारावे लागते. दिव्याचा उजेड हा त्या पायांचा जोर असतो. मोठ्या वीजकेंद्रातही हेच घडते. गावोगावी संध्याकाळचे दिवे लागले की जनित्रांवरचा भार वाढतो आणि त्यांची गती किंचित मंदावू लागते. तेव्हा त्यांना जोडलेली नियामक यंत्रे झडपा थोड्या अधिक उघडतात आणि आणखी पाणी किंवा आणखी वाफ आत सोडतात. तारांमध्ये वीज साठून राहत नसते. आपण बटण दाबतो त्या क्षणी कोठेतरी दूर एखादी झडप उघडत असते, असे म्हटल्यास ते मुळीच खोटे ठरणार नाही.

विजेचे माप युनिट या नावाने ओळखले जाते. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. विजेच्या बिलात एका युनिटाची किंमत काही रुपयांत लिहिलेली असते आणि त्यामुळे ती क्षुल्लक वाटते. तेवढेच काम माणसाच्या हातांनी करावयाचे ठरवले, तर त्याची खरी योग्यता कळेल. समजा, दहा मीटर खोल विहिरीतून दहा लिटरांची बादली शेंदून वर काढावयाची आहे. एका युनिटात सामावलेली ऊर्जा तेथे हातांनी खर्च करावयाची, तर तशा साडेतीन हजारांहून अधिक बादल्या काढाव्या लागतील. इस्त्री एक तास तापत ठेवली की जवळपास तेवढी ऊर्जा खर्च होऊन जाते.

एवढे बळ येते कोठून? त्यासाठी प्रथम कोयना नदीच्या काठी जावयास हवे.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते. सह्याद्रीच्या कुशीतून काही अंतर दक्षिणेकडे वाहून ती हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. कृष्णेबरोबर तिचे पाणी कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश या राज्यांतून जाऊन बंगालच्या उपसागरास मिळावे, अशी निसर्गाची योजना. पाटण तालुक्यात या नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले आणि त्यामागे शिवसागर नावाचा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. सह्याद्रीचे पोट फोडून काढलेल्या बोगद्यांतून या जलाशयाचे पाणी पश्चिमेकडे आणले जाते. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे डोंगराच्या आत, भूगर्भात वीजघर आहे. तेथे हे पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली झेप घेते आणि टर्बाइन नावाची पोलादी चक्रे फिरवते. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोरे येथील वीजघरात पुन्हा एकदा राबवले जाते. त्यानंतर ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राकडे जाते. या प्रकल्पाच्या सर्व वीजघरांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

पोफळीच्या त्या एका झेपेत एक युनिट वीज निर्माण करावयाची, तर सुमारे ९०० लिटर पाणी खाली सोडावे लागते. हेच ते विजेच्या दिव्याचे न दिसणारे तेल होय!

आता हे तेल कोणाचे, हा प्रश्न येतो. पश्चिमेकडे वळवलेले पाणी पूर्वेकडे जात नाही. तेच पाणी नदीपात्रात सोडले, तर ते कृष्णाकाठच्या शेतांना आणि गावांना मिळते. म्हणूनच कोयनेचे किती पाणी पश्चिमेस वळवता येईल, याला कृष्णा पाणीवाटप लवादाने मर्यादा घातली आहे. सर्वसाधारणपणे ती वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट एवढी आहे. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो, त्या वर्षी वीज हवी की शेतीला पाणी हवे, असा पेच उभा राहतो. शिवाय त्या जलाशयाच्या तळाशी माणसांची घरे, देवळे आणि शेते बुडालेली आहेत. कोयना खोऱ्यातील हजारो लोकांना आपली गावे सोडावी लागली आणि त्यांतील कित्येकांना पुनर्वसनासाठी पुढे अनेक वर्षे झगडावे लागले. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि शहरांना प्रकाश मिळाला, त्यात या लोकांच्या त्यागाचा मोठा वाटा आहे. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा त्या त्यागाचीच उधळपट्टी करीत असतो.

सर्व वीज पाण्यापासून मिळत नाही. महाराष्ट्रातील बरीचशी वीज दगडी कोळशापासून तयार होते. चंद्रपूर येथील महाऔष्णिक वीजकेंद्र हे त्याचे मोठे उदाहरण. त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते आणि त्या वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरते. कोळशात कोंडलेल्या उष्णतेपैकी साधारणपणे तिसरा हिस्साच विजेच्या रूपाने हाती लागतो. बाकीची उष्णता हवेत आणि पाण्यात विरून जाते. त्यामुळे एका युनिटासाठी सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. त्यापासून जवळजवळ एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाणही पुष्कळ असते. शंभर किलो कोळसा जळाला की बहुधा तीस ते चाळीस किलो राख मागे उरते. दिवा लावणाऱ्याच्या घरात काजळी धरत नाही, हे खरे. परंतु ती नाहीशी झालेली नसते. वीजकेंद्राच्या परिसरातील लोकांच्या श्वासात धूळ आणि धूर होऊन ती उतरत असते.

हा कोळसा तरी किती काळ पुरणार? कोट्यवधी वर्षांपूर्वी भूमीवर वाढलेली अरण्ये मातीखाली गाडली गेली आणि प्रचंड दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. जे घडावयास कोट्यवधी वर्षे लागली, ते काही पिढ्यांत जाळून टाकण्याचा उद्योग मानवाने मांडला आहे. वडिलोपार्जित ठेवीवर जगणाऱ्या कुटुंबाची जी गत होते, तीच अखेर या व्यवहाराची होणार. शहाणा गृहस्थ ठेवीला हात न लावता रोजच्या मिळकतीवर संसार चालवतो. पृथ्वीची रोजची मिळकत म्हणजे सूर्याचे ऊन, वाहता वारा आणि पावसाचे पाणी. ही साधने वापरली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळतात. म्हणून त्यांना अक्षय ऊर्जेची साधने म्हणतात. शिवसागर जलाशयाजवळच्या वनकुसवडे पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या वाऱ्यापासून वीज मिळवतात. घरांच्या आणि शाळांच्या छपरांवर दिसणाऱ्या निळसर काळ्या तावदानांत सूर्यप्रकाशाचेच थेट विजेत रूपांतर होते. तेथे जनित्रही लागत नाही.

सूर्याच्या विजेने शेतकऱ्याचेही एक मोठे संकट हलके होऊ शकते. शेतीच्या पंपांना वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळत आली. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला कडाक्याच्या थंडीत, सापविंचवांच्या भयात पिकाला पाणी देण्यासाठी शेतावर जावे लागे. शेतीला दिवसा वीज मिळावी, या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. जेव्हा ऊन असते तेव्हाच पंप चालावा, अशी ही सोयीची सांगड आहे.

मग सूर्य आणि वारा असताना काटकसरीची गरजच काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर संध्याकाळ देते. सूर्य मावळतो, सौर तावदाने स्तब्ध होतात आणि नेमक्या त्याच वेळी घरोघर दिवे, पंखे व दूरदर्शन संच सुरू होतात. दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. त्यासाठी मोठमोठ्या विद्युत्घटांचा उपयोग होऊ लागला आहे. पण ते महाग पडतात. सह्याद्रीतील घाटघर येथे दुसरा एक उपाय योजलेला आहे. तेथे एक जलाशय डोंगरमाथ्यावर आणि दुसरा कोकणात पायथ्याशी आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा त्या विजेने खालचे पाणी वर चढवले जाते. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवली जाते. २५० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र म्हणजे पाण्याच्या रूपाने ठेवलेली विजेची पेटीच होय. मात्र या पेटीत जेवढे ठेवावे, तेवढे सगळे परत मिळत नाही. चार युनिट खर्चून पाणी वर चढवले, तर साधारण तीनच युनिट हाती येतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: जे युनिट खर्चच झाले नाही, ते निर्माण करावे लागत नाही, साठवावे लागत नाही आणि तारांतून वाहताना वाटेत वायाही जात नाही. वाचवलेले युनिट हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ युनिट होय.

ही बचत कशी होते, ते हिशेबानेच पाहावे. जुन्या काचेच्या दिव्यात एक बारीक तार तापून पांढरी होई आणि उजेड देई. त्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जाई, प्रकाश थोडाच मिळे. असा ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट लागत. एलईडी दिवा जवळजवळ तेवढाच उजेड ९ वॅटमध्ये देतो आणि वर्षाला सुमारे १६ युनिट घेतो. एका दिव्यामागे वर्षाला ९० हून अधिक युनिट वाचले! कोळशाच्या हिशेबाने ही बचत साठ किलोच्या आसपास जाते.

शाळेचेही उदाहरण घेता येईल. एका शाळेत दहा वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात ७५ वॅटचे चार पंखे आहेत, असे समजू. मधल्या सुट्टीत अर्धा तास सर्व मुले मैदानावर असताना हे चाळीस पंखे रिकाम्या बाकांना वारा घालीत राहिले, तर रोज दीड युनिट वाया जाते. शाळेच्या दोनशे दिवसांत ही नासाडी ३०० युनिटांवर पोचते. पोफळीच्या मापाने मोजले, तर हे २,७०,००० लिटर पाणी झाले. वर्गातून शेवटी बाहेर पडणाऱ्या एका विद्यार्थ्याने हात उंचावून बटण बंद केले, तर एवढे पाणी धरणातच राहते.

काही उपकरणे झोपेतही वीज पितात. दुरून बटण दाबून बंद केलेला दूरदर्शन संच किंवा त्याला जोडलेली पेटी पूर्णपणे बंद नसते. हुकमाची वाट पाहत ती जागीच असते. एखादे उपकरण असे पाच वॅट अहोरात्र घेत राहिले, तर वर्षाअखेर सुमारे ४४ युनिट खर्च होतात. भिंतीवरचे मुख्य बटण बंद करणे, हाच त्यावरचा उपाय. नवी वस्तू विकत घेतानाही सावध राहावे. शीतकपाट, पंखा, वातानुकूलन यंत्र यांवर एक ते पाच ताऱ्यांची चिठ्ठी लावलेली असते. २००१ च्या ऊर्जा संधारण कायद्यानुसार स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ती योजना आहे. तारे जितके अधिक, तितके तेच काम कमी विजेत होते.

तथापि, काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. अपुऱ्या उजेडात वाचून डोळ्यांना शीण देणे, आजाऱ्याच्या उशाशी असलेला पंखा बंद करणे किंवा अंधाऱ्या जिन्यातील दिवा मालवणे, याला काटकसर म्हणत नाहीत. तो अविचार होय. वीज माणसाच्या कामासाठी आणि सुखासाठीच आहे. जेथे तिचे काम आहे, तेथे ती मोकळ्या मनाने वापरावी. जेथे काम नाही, तेथे एक क्षणही जाळू नये. ज्या घरात एकच दिवा आणि एकच पंखा आहे, त्या घराला बचतीचा उपदेश करण्याचे कारण नाही. हा उपदेश प्रथम त्यांनी ऐकावा, ज्यांच्या घरी दहा दिवे आहेत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा पडला होता. तेव्हा खेड्यापाड्यांतून दिवसाचे कित्येक तास भारनियमन होत असे आणि कित्येक मुलांना परीक्षेचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात करावा लागे. वीज कमी पडली की तिची झळ सर्वांना सारखी लागत नाही. जो दूर आहे आणि दुबळा आहे, त्याच्या घरी अंधार आधी होतो.

ही न दिसणारी वीज पाहण्याचे एक साधन मात्र प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे. ते म्हणजे विजेचे मीटर. दर रविवारी सकाळी ठरावीक वेळी त्यावरील युनिटांचा आकडा वहीत उतरवावा आणि त्यातून मागील आठवड्याचा आकडा वजा करावा. बहुतेक नव्या मीटरांवर एक बारीकसा तांबडा दिवा लुकलुकत असतो. घरातील उपकरणे बंद करावीत, म्हणजे तो सावकाश लुकलुकतो. पाणी तापवण्याचे यंत्र सुरू करावे, म्हणजे तो भरभर लुकलुकू लागतो. प्रत्येक लुकलुकीसरशी कोठे कोयनेचे पाणी, तर कोठे चंद्रपूरचा कोळसा खर्च होत आहे, हे मनात आणावे. कंदिलातील तेलाची पातळी जशी त्याच्या टाकीत दिसे, तशी आपल्या विजेची पातळी या मीटरात दिसते. ती पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याला रिकाम्या खोलीतील दिवा बंद कर, असे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.